देवीला दिलेला चेहरा

१

मूर्तिकार त्याच्याच मूर्तीच्या पायाशी पालथा पडला होता. डोक्याच्या मागच्या बाजूला एकच घाव होता आणि शेजारी छिन्नीवर ठोकायचा त्याचाच लाकडी मोगर पडलेला होता. दार सताड उघडं होतं. कामावरचा चष्मा त्यानं कपाळावर सरकवून ठेवलेला होता. समोरच्या माणसाशी बोलायचं असलं की तो नेहमी तसंच करी.

"म्हणजे ओळखीचं माणूस," हवालदार म्हणाला.

"अनोळखी माणसाकडे पाठ करून कोण उभं राहतं?" आक्का म्हणाल्या.

आक्का म्हणजे तपास अधिकारी. वय बावन्न. दोन्ही गुडघे कुरकुरणारे आणि जीभ त्याहून जास्त. ठाण्यातले सगळे, अगदी वरचे साहेबसुद्धा, त्यांना आक्काच म्हणत. त्या बराच वेळ प्रेताकडे न बघता मूर्तीकडे बघत उभ्या राहिल्या.

पुरुषभर उंचीची काळ्या पाषाणातली देवी होती. हात, पाऊल, कमरेची वळणं, पायघोळ वस्त्राच्या चुण्या, सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त चेहरा फोडलेला होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत छिन्नीचे घाव घालून घालून तिथं खडबडीत खळगा केला होता. त्या खळग्यावरून कुणीतरी लाल कापड घातलं होतं. कापड घाईनं फेकलेलं नव्हतं. डोक्यावरून नीट घेऊन दोन्ही खांद्यांवर सारखं सोडलेलं होतं.

"आधी फोडायचं आणि मग झाकायचं," हवालदार पुटपुटला. "हे कसलं वेड?"

कोपऱ्यातल्या लाकडी तिवईवर मातीचा नमुना होता. त्याचं डोकं चेचून लगदा केला होता. पलीकडच्या भिंतीवरचे प्लॅस्टरचे साचे एकूण एक खाली पडून फुटले होते. पांढऱ्या तुकड्यांचा सडा दारापर्यंत आला होता.

"चोरी नाही," आक्का म्हणाल्या. "राग म्हणावा, तर हात-पाय का शाबूत राहिले? ज्यानं हे केलं त्याला मूर्ती नको होती असं नाही. त्याला तोंड नको होतं."

प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते देवळाच्या गुरुजींनी, दुपारी बाराला. आणि गेले सहा महिने ही मूर्ती होऊ नये म्हणून सगळ्या गावाशी भांडत होते, ते हेच गुरुजी.

२

गुरुजी चाळिशीचे होते. अंगानं काटकुळे, आवाज मात्र घंटेसारखा. देवळाच्या ओट्यावर बसून त्यांनी काही न लपवता सांगितलं.

"मी भांडायलाच गेलो होतो. लपवू कशाला? या देवळात देवी तांदळ्याच्या रूपात आहे. तांदळा म्हणजे नुसता पाषाण. नाक नाही, डोळे नाहीत, हात-पाय नाहीत. वर शेंदूर. तीनशे वर्षं माणसं त्याच्यासमोर उभी राहिली आणि ज्याला जी हवी ती आई त्यात दिसली. देवस्थानच्या अध्यक्षांना आता माणसाच्या रूपातली मूर्ती हवी. शिवाय तांदळ्यावर चढवायला धातूचा मुखवटाही. मी म्हटलं, अहो, चेहरा दिलात की ती कुणातरी एकीची होईल. बाकीच्यांनी कुठं जायचं?"

"म्हणून फोडलात?"

"आक्का, मला मूर्ती पटत नव्हती. पण घडल्यावर ती देवी झाली. देवीवर हात टाकीन मी?"

"तिला वस्त्र कुणी घातलं असेल?"

गुरुजी विचारात पडले. "मी घातलं असं लोक म्हणतील. पण मी रोज वस्त्र नेसवतो ते दगडाला. भोवती गुंडाळतो आणि मागं खोचतो. तिथं दिसलं तसं डोक्यावरून पदर घेऊन खांद्यावर सोडायचं माझ्या हाताला ठाऊकच नाही. दगडाला खांदे कुठं असतात?"

त्यांच्या बोटात एक अंगठी होती. तिच्यावर उठावाचा उलटा त्रिकोण आणि मध्ये टिंब. देवीची खूण. आक्कांनी सहज विचारलं.

"विश्वस्तांची अंगठी आहे ही. मी तीन वर्षांपूर्वी इथं आलो तेव्हा माझ्यासाठी करून घेतली. बाकीच्या दोन जुन्या आहेत. एक अध्यक्षांकडे, एक त्यांच्या बहिणीकडे."

मूर्तिकाराचा पुतण्या त्याच्याच हाताखाली तयार झालेला होता. महिन्यापूर्वी दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि तो काम सोडून गेला. आक्कांनी त्याला कारखान्यातच बोलावून घेतलं. तो काकाच्या जागेकडे बघेना, म्हणून फुटक्या साच्यांपाशी उकिडवा बसला.

"भांडण कशावरून झालं?"

"चेहऱ्यावरून. काका नेहमी आधी कागदावर काढायचे, मला दाखवायचे. या वेळी काही नाही. एके दिवशी बघतो तर मातीत तोंड तयार! जिवंत बाई असावी तसं. मी विचारलं, ही कोण? म्हणाले, तुला काय करायचंय? मीही तापट. म्हटलं, हाताखाली ठेवायचं आणि हातचं राखायचं, हे नाही चालणार." त्यानं साच्याचा एक तुकडा उलटा करून बघितला. "एवढ्यावरून गेलो मी. एवढ्यावरून."

बोलता बोलता त्याचे हात मात्र थांबले नव्हते. तो तुकडे उचलून बाजूला लावत होता. "हे कमळ... हा सिंहाचा पंजा... हा अभयाचा हात..."

"तुला नुसत्या तुकड्यावरून कळतं?" हवालदारानं विचारलं. त्याला सगळेच खळगे सारखे दिसत होते.

"साचा उलटा असतो ना. नाकाच्या जागी खड्डा, डोळ्यांच्या जागी उंचवटा. सवय नसेल तर काय आहे ते कळतच नाही. आम्हाला लांबूनही कळतं."

आक्कांनी मान डोलावली. "म्हणजे एकच साचा हवा असता, तर तू तेवढाच उचलला असतास."

"अर्थात. सगळे फोडायला मला वेड लागलंय?" तो एकदम थबकला. त्यानं भिंतीवरचे खिळे मोजले, मग तुकड्यांचे ढीग मोजले. "आक्का, हे तेराच आहेत. भिंतीवर चौदा होते."

"चौदावा कशाचा होता?"

पुतण्या उभा राहिला. "तो देवाचा नव्हता. एका मेलेल्या बाईच्या तोंडावरून काकांनी घेतला होता. सात वर्षं झाली. कुणाचा ते त्यांनी कधीच सांगितलं नाही."

३

दुसऱ्या दिवशी आक्का देवळामागच्या विश्वस्तांच्या कचेरीत गेल्या. एक टेबल, चार खुर्च्या, एक कपाट आणि खिडकीतून दिसणारं अंगण. अध्यक्ष साठीचे होते. गृहस्थ भारदस्त, पण आतून पोखरलेला.

"चेहरा कुणाचा होता?" आक्कांनी विचारलं.

"देवीचा. आणखी कुणाचा असणार?"

"मूर्तिकारानं सात वर्षांपूर्वी एका मृत बाईच्या तोंडाचा साचा घेतला होता. तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही." उत्तर फार लवकर आलं. बोलताना ते बोटातल्या अंगठीभोवती अंगठा फिरवत होते. अंगठी हलत नव्हती. दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं.

"रुतलीय की हो," आक्का म्हणाल्या.

"दहा वर्षं झाली. मधुमेह. निघत नाही, फिरत नाही. डॉक्टर म्हणतात कापून काढा. आता माझ्याबरोबरच जाईल."

त्यांची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणत, अंगणात पितळी समया घासत बसली होती. सडपातळ बांधा आणि पांढरे केस घट्ट बांधलेले. आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला तिनंच वाढवलं आणि त्यापायी स्वतःचं लग्न केलं नाही, असं गावात आदरानं सांगत. आक्का पायरीवर टेकल्या. गुडघ्यांनी आवाज केला.

"तेल लावा रात्री कोमट करून," ताई म्हणाल्या. "मलाही त्रास होता."

"घरात दोघंच का हो तुम्ही?"

"दोघंच. भावजय गेली सात वर्षांमागं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. मीच केलं तिचं सगळं. झोपेत गेली बिचारी, हृदय थांबलं."

"मूर्तिकाराशी तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

"महिना झाला असेल. त्याच्याशी बोलायचं काम भावाचं." ताईंनी पुढची समई ओढली. घासायच्या आधी त्यांनी बोटातली अंगठी अर्ध्या फेऱ्यानं फिरवून खूण तळव्याकडे घेतली.

"हे कशाला?"

"पितळेवर घासून झिजते. काही काम करायचं झालं की फिरवायची, ही जुनी सवय. आता तर हात आपोआप फिरवतो."

आक्का उठल्या. फाटकापाशी हवालदार घाईघाईनं आला.

"आक्का, मूर्तिकारानं काल सकाळी साडेनऊला या कचेरीत फोन केला होता. चार मिनिटं बोलणं झालंय. आणि कचेरीची किल्ली सकाळी ताईंकडे असते."

"त्या तर म्हणाल्या महिना झाला."

"अध्यक्षही आले असतील लवकर."

"असतील," आक्का म्हणाल्या. "दोघांपैकी एक खोटं बोलतंय, किंवा दोघंही. आधी चौदावा साचा शोधू. ज्यानं तेरा फोडले त्याला तो सापडलेला नाही, आणि सापडला नाही हेही त्याला माहीत नाही."

"मग आहे कुठं?"

"तांदळ्यासाठी धातूचा मुखवटा करायचा होता ना? मुखवटा ओततं कोण?"

४

ओताऱ्याची भट्टी थंड होती. मूर्तिकाराची बातमी ऐकल्यापासून त्यानं काम बंद ठेवलं होतं. आक्कांनी विचारायच्या आत त्यानं फडक्यात गुंडाळलेला साचा बाहेर आणला.

"परवा दिला त्यांनी. म्हणाले, यावरून मेण काढ आणि मुखवटा ओत. पण एक बजावलं. जबड्याखाली एक खूण आहे, ती घासून काढू नकोस. आम्ही असल्या खुणा दोष म्हणून पुसतो ना."

"कसली खूण?"

"मी विचारलं. म्हणाले, इतकी वर्षं मला प्लॅस्टरचा बुडबुडा वाटत होता. आता चांगल्या उजेडात बघितलं तर बुडबुड्याला कोपरे आहेत. म्हणाले, कुणाला तरी विचारल्याशिवाय राहवणार नाही."

"कुणाला?"

"त्या दिवशी तिच्या उशाशी जे होते त्यांना."

ओताऱ्यानं साच्यात मेण ओतलं. ते निवेपर्यंत तिघं वाट बघत राहिले. मग त्यानं अलगद साचा सोडवला आणि तिघांच्या समोर एका बाईचं तोंड आलं. मिटलेले डोळे, खोल गेलेले गाल, वयानं पंचेचाळिशीची असावी. डाव्या जबड्याच्या खाली, गळा सुरू होतो तिथं, नखाएवढा ठसा होता.

आक्कांनी भिंग धरलं. उलटा त्रिकोण. मध्ये टिंब.

हवालदार वाकून बघू लागला. "देवीची खूण," तो म्हणाला.

"देवीची नाही," आक्का म्हणाल्या. "अंगठीची. शेवटच्या क्षणी इतकी दाबून धरलेली, की कातडीनं ती सोडली नाही. ही बाई झोपेत गेलेली नाही."

५

अध्यक्षांना त्यांनी घरी एकट्यांना गाठलं. मेणाचा चेहरा टेबलावर ठेवला. ठशाची बाजू भिंतीकडे होती.

अध्यक्ष खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

"माझी बायको," ते म्हणाले. "ती गेली त्या सकाळी मीच मूर्तिकाराला बोलावलं. अर्धपुतळा करायचा होता. ताई नको म्हणत होती. गळ्यापर्यंत चादर ओढून धरली होती तिनं, म्हणाली नुसतं तोंड घ्या, बाईमाणसाची अब्रू आहे. पण मूर्तिकाराला हनुवटीखालचा भाग लागतो. त्यानं चादर थोडी सरकवली. पुढं मला पुतळा बघवेना, म्हणून काम तसंच राहिलं."

"आणि देवीला तिचा चेहरा?"

"मीच सांगितलं. गुपचूप. रोज समोर उभं राहता आलं असतं." त्यांनी तोंड झाकून घेतलं. "गुरुजी बरोबर म्हणत होते. मी सगळ्यांची देवी माझ्या एकट्याची करायला निघालो होतो. हे कळलं असतं तर लोकांनी मला जोड्यानं मारलं असतं. म्हणून खोटं बोललो."

"काल सकाळी साडेनऊला कुठं होतात?"

"दवाखान्यात. साखर तपासायला. दहा माणसांनी बघितलंय."

आक्कांनी मेणाचा चेहरा हळूच वळवला. अध्यक्षांनी ठसा पाहिला. मग स्वतःच्या बोटाकडे पाहिलं.

"मी नाही," ते कुजबुजले.

"ठाऊक आहे. उद्या दहाला कचेरीत या. आणि आज ताईंना काही बोलू नका. जमेल?"

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर मात्र एक नवीच भीती उतरली होती. कुणाच्याही तोंडावर ती पाहायची वेळ येऊ नये.

६

दुसऱ्या दिवशी दहाला कचेरीत चौघंच होते. आक्का, अध्यक्ष, ताई आणि गुरुजी. दाराशी हवालदार. टेबलावर फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"मूर्तिकाराला मारणाऱ्याला मूर्ती नको होती असं आम्हाला वाटावं, अशी सगळी मांडणी झाली होती," आक्का म्हणाल्या. "म्हणजे बोट गुरुजींकडे. पण मूर्ती नको असणाऱ्यानं मातीचा नमुना कशाला चेचला असता? साचे कशाला फोडले असते? एक विशिष्ट चेहरा जगातून नाहीसा करायचा होता. तो साच्यात आहे हे त्या माणसाला माहीत होतं, पण कुठल्या साच्यात ते ओळखता येत नव्हतं. म्हणून सरसकट फोडले. म्हणजे पुतण्या सुटला, त्याला एका नजरेत कळलं असतं. नंतर मूर्तीला पदर घेतला, तोही बाईला घेतात तसा. गुरुजींच्या हाताला ती सवय नाही. दोन वर्षं अंथरुणावरच्या बाईला नीटनेटकं ठेवणाऱ्या हाताला आहे."

ताई समोर बघत होत्या. हात मांडीवर होते.

आक्कांनी फडकं काढलं. गुरुजी मागं सरकले. ताई हलल्या नाहीत, पण त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला.

"चौदावा साचा ओताऱ्याकडे होता," आक्का म्हणाल्या. "जबड्याखाली विश्वस्तांच्या अंगठीचा ठसा आहे. ती गेली तेव्हा अशा दोनच अंगठ्या होत्या. गुरुजींची तिसरी चार वर्षांनी झाली. उलट्या हाताचा फटका बसला असता तर ठसा फरफटला असता. हा स्वच्छ आहे. एका हातानं तोंडावर उशी आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं जबडा, असा दाबून धरलेला. म्हणजे खूण तळव्याच्या बाजूला होती. अध्यक्षांची अंगठी दहा वर्षांत जागची हललेली नाही. दुसरी अंगठी मात्र..."

"काम करायचं झालं की फिरवायची," ताई म्हणाल्या. आवाज सपाट होता. "फिरवली असेल. माझं लक्षही नव्हतं."

"ताई, गप्प बस," अध्यक्ष म्हणाले. "काही बोलू नकोस. वकील बघू आपण."

"सात वर्षं गप्पच होते की." त्या आक्कांकडे वळल्या. "दोन वर्षं मी तिचं अंग पुसलं. मलमूत्र काढलं. तिला बरं वाटावं म्हणून या तांदळ्यासमोर डोकं आपटलं. आणि ती खरंच बरी झाली. उठून बसली त्या दिवशी मला वाटलं, देवीनं ऐकलं. तर पहिलं काय म्हणाली? वन्सं, खूप केलंत. आता किल्ल्या माझ्याकडे द्या आणि तुम्ही तुमचं बघा." त्या थांबल्या. "माझं काय होतं बघायला?"



"आणि मूर्तिकार?" आक्कांनी विचारलं.

"त्यानं फोन करून विचारलं, ताई, तुम्ही उशाशी होता, हा ठसा कसला? भाबडा माणूस. संशय नव्हताच त्याला. म्हटलं, येते, दाखवा. जाऊन बघते तर ती उभी! डोळे उघडून, हसत. सात वर्षांनी. तो सांगत होता, देवीला किती शोभतो ना चेहरा. आणि ही देवळात बसणार, मी रोज तिचे पाय धुणार, तिच्यासमोर दिवा लावणार..." त्यांनी पहिल्यांदाच मेणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तो वळला तेव्हा मोगर माझ्या हातात होता. मी आधी तिला मारायला उचलला होता. पण तो मध्ये आला असता."

"मग झाकलंत कशाला?" गुरुजींनी विचारलं. त्यांचा घंटेचा आवाज पार बसला होता.

"देवी होती ना ती," ताई म्हणाल्या. "उघडी कशी ठेवू?"

हवालदारानं दार उघडलं. जाताना ताईंनी भावाकडे बघितलं नाही. त्याची औषधाची वेळ झाली आहे आणि डबी डाव्या खणात आहे, एवढं मात्र त्यांनी गुरुजींना सांगितलं.

७

मूर्तिकाराचा पुतण्या पुन्हा कारखान्यात बसू लागला. मूर्ती पुरी कर म्हणून त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी अध्यक्ष ठाण्यात आले. विश्वस्तपद सोडलं होतं. बोट बोडकं होतं, अंगठी कापून काढली होती आणि तिथं पांढरा वळ राहिला होता. आक्कांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "हिला... जाताना, त्या वेळी कळलं असेल का, उशी कुणी धरलीय ते?"

खोटं बोलणं सोपं होतं. आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं आणि ठरवलं.

"हो. कळलं असेल."

अध्यक्षांनी मान डोलावली. जणू दुसरं उत्तर मिळालं असतं तर त्यांनी ते मानलंच नसतं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. पाठ आक्कांकडेच होती.

"आणखी एक. तुरुंगात भेटीचा वार कोणता असतो?"

आक्कांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"बुधवार," त्या म्हणाल्या. "दहा ते बारा. नातेवाईकांनाच सोडतात."

"मी एकटाच आहे ताईला," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी खिशातून लहानशी वही काढली, भिंतीला टेकवली आणि वार लिहून घेतला.